विद्यापीठाचा अध्यापन-तंत्रज्ञान सल्लागार गट : कसा नेमावा, कसा चालवावा

सल्लागार गट नेमायला एक परिपत्रक पुरते. त्या गटाची चौथी सभा होईल आणि तिच्यात पहिल्या सभेच्या शिफारशींचे काय झाले हे कोणीतरी कागद पाहून सांगू शकेल, याची तजवीज मात्र आरंभीच करावी लागते. कोल्हापूर परिसरात अशा दोन-तीन गटांचा सदस्य-सचिव म्हणून काम करताना जे हाताला लागले, ते येथे मांडत आहे. डोळ्यांसमोर आहे ते शिवाजी विद्यापीठासारखे संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ : १९६२ साली स्थापन झालेले, कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांत पसरलेले, आणि ज्याचे कित्येक विद्यार्थी पदवीच्या संपूर्ण काळात विद्यानगरच्या परिसरात फार तर एक-दोनदा पाऊल टाकतात. अशा विद्यापीठात मुख्य परिसरातील वायफाय सुधारले म्हणजे अध्यापन सुधारले, असे समजून चालत नाही.

कार्यकक्षा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे. अभ्यासक्रमांसाठी अभ्यास मंडळे आणि विद्या परिषद आहेत, पैशाच्या निर्णयासाठी व्यवस्थापन परिषद आहे. त्यामुळे नव्या गटाला निर्णयाचा अधिकार नसतो, आणि तो मागण्याच्या फंदातही पडू नये. नेटवर्क, सर्व्हर, खरेदीची तांत्रिक बाजू ही मंडळाकडे राहावी. वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि घरी चुलीशेजारी बसून शिकताना त्या यंत्रणेचे प्रत्यक्षात काय होते, एवढेच गटाने पाहावे. ही हद्द लेखी नसेल तर पहिल्याच वर्षी ‘हे आमच्या अखत्यारीतले’ असा वाद उभा राहतो आणि तो मिटेपर्यंत सत्र संपलेले असते.

कार्यकक्षेचा मसुदा एका पानात बसावा. गट कोणाला सल्ला देणार, कोणत्या विषयांवर देणार, कशात पडणार नाही आणि दिलेल्या सल्ल्याला उत्तर किती दिवसांत मिळणार, एवढ्या चार गोष्टी त्यात असाव्यात. चौथी गोष्ट बहुतेक मसुद्यांतून गळालेली असते, आणि गट थंडावण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे मत झाले आहे. एका गटासाठी आम्ही घातलेले वाक्य असे होते : ‘शिफारस प्राप्त झाल्यापासून ४५ दिवसांत संबंधित अधिकारी ती स्वीकारली, फेरविचारासाठी परत पाठवली किंवा नाकारली, यांपैकी एक सकारण लेखी कळवतील.’ नाकारण्याची मुभा स्पष्ट ठेवल्यामुळे अधिकाऱ्यांनी त्या वाक्याला हरकत घेतली नाही; उलट ‘पैसे नाहीत’ असे सरळ लिहिण्याची सोय झाली, हे त्यांना सोयीचेच वाटले. गटाच्या दृष्टीनेही ‘पैसे नाहीत’ हे लेखी उत्तर मौनापेक्षा फार उपयोगी असते, कारण पुढच्या अर्थसंकल्पात ते उत्तर जोडून तीच शिफारस पुन्हा करता येते.

सदस्य कोण असावेत

संख्या अकरा ते तेरा ठेवावी. अध्यक्षपद एखाद्या अधिष्ठात्यांकडे द्यावे, संगणक केंद्राच्या प्रमुखांकडे देऊ नये. सेवा पुरवणाऱ्यानेच तिचे परीक्षण करावे ही अपेक्षा त्यांच्यावरही अन्यायकारक आहे. संगणक केंद्र, ग्रंथालय, परीक्षा विभाग, वित्त विभाग आणि दूरस्थ शिक्षण केंद्र यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असावा. परीक्षा विभाग विसरला जातो, आणि मग गटाने सुचवलेल्या ऑनलाइन चाचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे की नाही, यावर सगळे अडते. शिक्षक चार घ्यावेत, त्यांपैकी दोन तरी शहराबाहेरच्या महाविद्यालयांतील असावेत, एक आजरा-चंदगडच्या बाजूचा आणि एक शिरोळ-हातकणंगल्याकडचा असला तर उत्तम. शिवाय या साऱ्या तंत्रज्ञानाविषयी मनापासून साशंक असलेला एक शिक्षक मुद्दाम घ्यावा. तो सभेत त्रास देतो, पण ‘हे न घेता खडू-फळ्यावर काय अडते आहे?’ हा प्रश्न त्याच्याखेरीज कोणी विचारत नाही.

विद्यार्थी दोन-तीन असावेत. त्यांत एक एसटीने रोज ये-जा करणारा आणि एक दिव्यांग विद्यार्थी असावा. त्यांना सभेच्या दिवशीची उपस्थिती मिळेल असे पत्र आधीच द्यावे. चंदगडहून येणाऱ्याला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, म्हणून सभा साडेअकराच्या आधी ठेवू नये, चारच्या पुढे लांबवू नये आणि प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात द्यावा.

पहिल्या सभेत विद्यार्थी बोलत नाहीत. अधिष्ठाता, ग्रंथपाल, वित्त अधिकारी अशा मंडळींसमोर ‘सर, सगळं चांगलं आहे’ यापलीकडे त्यांच्या तोंडून काही निघत नाही. त्यावर एक उपाय मला कामाचा वाटला आहे. सभेचा पहिला विषय म्हणून दोन विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर, संकेतस्थळावरून मागील वर्षाची एक प्रश्नपत्रिका शोधून उघडायला सांगावे आणि इतरांनी काही न सुचवता बघत बसावे. एका सभेत या कामाला नऊ मिनिटे लागली. पान फोनच्या पडद्यात मावत नसल्याने मुलगी अंगठ्याने ते डावीकडे-उजवीकडे सरकवत होती. दुवा सापडला तेव्हा कळले की प्रश्नपत्रिका छायाचित्रासारखी स्कॅन केलेली, ३८ मेगाबाइटची फाइल आहे. ती अर्ध्यावर अडकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पाचव्या मिनिटाला वित्त अधिकाऱ्यांनी चष्मा काढून तो पुसायला घेतला. त्यानंतर संकेतस्थळाच्या सुधारणेसाठी कोणाला पटवावे लागले नाही.

प्रश्न नीट मांडणे

‘ऑनलाइन शिक्षणास चालना देणे’ असा विषय पत्रिकेवर घेऊ नये. त्याला टोक नसते, त्यामुळे त्यावर दोन तास बोलता येते आणि उठताना हातात काही नसते. विषय नेहमी कोणाची कोणती अडचण, कोठे आणि केव्हा, अशा रूपात लिहावा. एक उदाहरण सविस्तर देतो, कारण गटाचे अर्धे कौशल्य यातच आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात तासिका बुडतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शिरोळ तालुक्यातील गावे वेढली गेली. तेवढा मोठा पूर आला नाही तरी दरवर्षी काही बंधारे आणि रस्ते बुडतातच. यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे थेट प्रक्षेपित ऑनलाइन तास. पण शिरोळकडच्या शिक्षकाने सभेत विचारले की ज्या दिवशी गावात रस्ता नाही, त्या दिवशी वीज आणि मोबाइलचा टॉवर असतो का? ज्यांनी पूर घरात पाहिला आहे त्यांना उत्तर माहीत होते. मग प्रश्न बदलला : रस्ता बंद होण्याच्या आधी विद्यार्थ्याच्या फोनमध्ये काय पोहोचलेले असावे?

प्रश्न असा फिरवल्यावर हिशेब करता येऊ लागला. सेकंदाला १ मेगाबिट दराने साठवलेले तासाभराचे चित्रीकरण सुमारे ४५० मेगाबाइट जागा घेते. तेच व्याख्यान ३२ किलोबिट दराने नुसते ध्वनिमुद्रित केले तर १५ मेगाबाइटच्या आत बसते. वीस व्याख्यानांसाठी ९ जीबी आणि ३०० एमबी इतका हा फरक आहे, आणि चार भावंडांत एक फोन असलेल्या घरात तो निर्णायक ठरतो. म्हणून शिफारस अशी झाली : जुलै-ऑगस्टमधील चार आठवड्यांच्या अध्यापनासाठी प्रत्येक विषयाची टिपणे आणि ध्वनिमुद्रणे जूनअखेर तयार असावीत, ती मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर ठेवावीत, कारण मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य एकदा उतरवून घेतले की ते नेटवर्कशिवाय उघडता येते, आणि ती उतरवून घेण्याचे काम विद्यार्थ्यांनी महाविद्यालयातच, तेथील वायफायवर करावे. मूडल ही २००२ पासून उपलब्ध असलेली मुक्त प्रणाली असल्याने परवान्याचा खर्च नव्हता, तरी ती सांभाळायला एक माणूस लागतो, हे शिफारशीत स्वतंत्र वाक्यात लिहिले. फुकट प्रणालीच्या पोटातला हा खर्च लपवला की दोन वर्षांनी ती बंद पडते.

मग हे वेळापत्रक लागू केव्हा करायचे, हा मुद्दा उरला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात कोणालाही विचारावे. ३९ फुटांना प्राचार्यांनी वेगळ्या परिपत्रकाची वाट न पाहता साठवलेल्या साहित्यावरचे वेळापत्रक सुरू करावे, असा पहिला मसुदा होता. तो अपुरा निघाला. गगनबावड्याकडचे रस्ते त्याआधीच बंद होऊ शकतात, तर शिरोळला पाणी नंतर चढते आणि उशिरा उतरते. अखेरीस आकडा काढून टाकला आणि निर्णय तालुक्यातील परिस्थिती पाहून प्राचार्यांवर सोपवला. आकडा काढताना मला वाईट वाटले, कारण तो कागदावर छान दिसत होता.

विक्रेते, प्रात्यक्षिके आणि खरेदी

गरजेचे टिपण गटात मंजूर होईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावू नये. हा नियम मोडल्याचा परिणाम मी एका महाविद्यालयात पाहिला आहे. आधी प्रात्यक्षिक झाले, सर्वांचे डोळे दिपले, आणि निधी परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये घाईघाईने बारा परस्परसंवादी फळे घेतले गेले. जून उजाडल्यावर लक्षात आले की पाच वर्गांत पश्चिमेच्या खिडकीचे ऊन दुपारनंतर थेट फळ्यावर येते, तीन वर्गांत विजेचा सॉकेट विरुद्ध भिंतीला आहे, आणि फळ्यासोबत आलेली लेखणी हरवली तर मिळणार कोठे, हे कोणी विचारलेलेच नाही. पुढच्या वर्षीपर्यंत ते फळे प्रोजेक्टरचा पडदा म्हणून वापरात होते. दोष फळ्यांचा नव्हता. त्या सभांना मीही हजर होतो आणि खिडकीचा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक खरेदी-शिफारशीसोबत प्रत्यक्ष जागेची पाहणी केलेले अर्ध्या पानाचे टिपण जोडण्याचा आग्रह मी धरतो. त्यात ऊन, वीज, कुलूप, धूळ आणि ‘बिघडल्यास कोणाला फोन करायचा’ एवढे असले तरी पुरे. किंमत सांगताना पहिल्या वर्षाची रक्कम सांगून थांबू नये. वार्षिक देखभाल करार, परवान्याचे नूतनीकरण, प्रशिक्षण आणि पाचव्या वर्षी ते बदलण्याचा खर्च यांची बेरीज मांडावी. करार संपल्यावर आपले साहित्य आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे निविदेतच विचारावे. ज्या सदस्याचा एखाद्या विक्रेत्याशी आर्थिक किंवा नात्याचा संबंध असेल त्याने तसे सांगून त्या विषयापुरते बाहेर बसावे आणि इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी.

नवे काही विकत घेण्यापूर्वी सरकारी खर्चाने उपलब्ध असलेले काय आहे हेही पाहावे. स्वयम् या मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी दिलेली आहे, आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांना खुले आहे. विद्यार्थ्यांना या गोष्टी माहीत नसतात. माहिती पोहोचवणे हीसुद्धा शिफारस असू शकते, आणि ती स्वस्त असते.

पथदर्शी प्रयोग

मोठ्या शिफारशीआधी एक सत्र, तीन महाविद्यालये, सहा शिक्षक एवढाच प्रयोग करावा. शिक्षक निवडताना सगळे हौशी घेऊ नयेत, कारण हौशी माणूस कोणतीही प्रणाली चालवून दाखवतो. काय घडले तर प्रयोग फसला असे मानायचे, हे आरंभीच लिहून ठेवावे. ‘आपणास ही सुविधा आवडली का?’ अशी प्रश्नावली वाटू नये. आपल्याकडचे विद्यार्थी शिक्षकांच्या सुविधेला नावे ठेवत नाहीत. त्याऐवजी तिसऱ्या आठवड्याअखेर किती जणांनी साहित्य खरोखर उघडले, मदतीसाठी किती फोन आले, आणि शिक्षकाचे आठवड्याला किती तास जादा गेले, हे मोजावे. गटातील दोघांनी न सांगता एका तासिकेला शेवटच्या बाकावर बसावे, मात्र संबंधित शिक्षकाची तशी संमती सत्राच्या सुरुवातीलाच घेतलेली असावी.

मराठी अक्षर

हा विषय बाहेरच्या मार्गदर्शिकांत सापडत नाही, म्हणून येथे थोडा वेळ थांबतो. आपल्या अनेक विभागांतील टिपणे आणि प्रश्नसंच वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत असतात. असा मजकूर मूडलवर चिकटवला की ‘खालीलपैकी योग्य पर्याय निवडा’ या ओळीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटते. त्यात शोध चालत नाही, आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याचा पडदा-वाचक ती खिचडी जशीच्या तशी मोठ्याने वाचतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यातून बाहेर पडताना रफार आणि जोडाक्षरे अनेकदा बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन अनिवार्य धरावे आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात दाखवावे. यापुढील सर्व साहित्य युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षरांना त्यांचे स्वतःचे संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीतच, स्वीकारले जाईल, अशी तारीख गटाने सुचवावी आणि त्या तारखेपूर्वी कार्यालयीन टंकलेखकांसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकाचे प्रशिक्षण ठेवावे. टंकलेखकांना विश्वासात न घेता काढलेला असा आदेश पाळला जात नाही, हे अनुभवाने सांगतो.

याच अनुषंगाने दिव्यांग विद्यार्थ्यांचा विचार येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली तो कायद्याचाच भाग आहे, गटाची मेहेरबानी नव्हे. परीक्षा साधी ठेवावी : एनव्हीडीए हा मोफत पडदा-वाचक लावून, पडदा बंद करून, गटातील एका सदस्याने प्रणालीत प्रवेश करून दाखवावा.

विद्यार्थ्यांची माहिती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि प्रथम वर्षात प्रवेश घेणारे काही विद्यार्थी तेव्हा १७ वर्षांचेच असतात, ही बाब सहज सुटते. कोणतेही ॲप सुचवताना ते कोणती माहिती घेते, ती कोठे ठेवते आणि पालकांच्या संमतीचा प्रश्न कसा सोडवते, याचे लेखी उत्तर मागावे. तासिकेला उपस्थिती नोंदवण्यासाठी चेहऱ्याची ओळख घेणाऱ्या यंत्रांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. एवढ्या कामासाठी एवढी माहिती घेणे मला पटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले निबंध ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर शिक्षा आधारू नये. ती चुकतात, आणि विद्यार्थ्याला आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचा मार्ग त्यांत नसतो. गटाने त्याऐवजी अभ्यास मंडळांना विचारावे की कोणत्या विषयात ही साधने वापरायला हरकत नाही, कोणत्या विषयात ती वापरल्यास शिकण्याचा हेतूच बुडतो, आणि तोंडी परीक्षेचे गुण किती वाढवता येतील. उत्तर विषयागणिक वेगळे येईल. एकाच परिपत्रकात ते कोंबण्याचा मोह टाळावा.

वर्षाचे वेळापत्रक आणि दप्तर

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि शैक्षणिक वर्ष जून-जुलैमध्ये. या दोन चाकांची गती जुळवणे हेच सचिवाचे खरे काम आहे. जुलैत अडचणींची यादी, सप्टेंबरात प्रयोगांची पाहणी, नोव्हेंबरात खर्चाच्या शिफारशी आणि फेब्रुवारीत आढावा, अशा चार सभा पुरतात. नोव्हेंबरची सभा दिवाळी आणि परीक्षांच्या धामधुमीत नेहमी पुढे ढकलली जाते, आणि ती जानेवारीत गेली की अंदाजपत्रकाचे आकडे ठरून गेलेले असतात. म्हणून तिची तारीख जुलैतच पक्की करावी.

इतिवृत्त सात दिवसांत पाठवावे. त्याहून महत्त्वाची शिफारस-नोंदवही : क्रमांक, दिनांक, कोणाकडे पाठवली, उत्तराची मुदत, मिळालेले उत्तर, असे पाच रकाने असलेली, सर्व सदस्यांना वाचता येईल अशी एक तक्ता-फाइल पुरते. प्रत्येक सभेची सुरुवात मागील इतिवृत्त कायम करण्याऐवजी ही नोंदवही पडद्यावर दाखवून करावी. मुदत उलटलेल्या ओळी लाल रंगात असल्या की संबंधित विभागाचे प्रतिनिधी सभेआधीच उत्तर आणतात.

सदस्यांची मुदत दोन वर्षांची ठेवावी आणि दरवर्षी निम्मे सदस्य बदलावेत, म्हणजे जुन्या चर्चेची आठवण असलेले कोणीतरी नेहमी खोलीत असते. गटाचा ईमेल आणि फाइलींचे खाते सचिवाच्या व्यक्तिगत नावावर काढू नये. सचिव बदलला की तीन वर्षांचे दप्तर त्याच्या खाजगी खात्यात अडकलेले मी पाहिले आहे. पदभार सोडताना उत्तर न आलेल्या शिफारशींची यादी, खात्यांचे पासवर्ड आणि चालू प्रयोगांतील शिक्षकांची नावे यांचे हस्तांतर-टिपण करावे, त्यावर जुन्या व नव्या सचिवांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत कुलसचिव कार्यालयात आवक करून तिचा क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.